लाल दाराच्या आणि निळ्या दाराच्या

हॅलो? … हॅलो, कोण? … अगं तू होय. थांब जरा, गॅस बारीक करते. दादाची अंडी उकडायला ठेवलीत, येईलच तो जेवायला.

… हं, बोल. … असा काय आवाज येतोय तुझा? सर्दी झाली? … नाही? मग रडलीस का? … खोटं बोलू नकोस. तू रडलीस की तुझं नाक आधी बोलतं आणि तोंड मागून.

हो, हो… ऐकतेय ना. सावकाश सांग. … आला? अंड्यांचा रिपोर्ट आला? अगं मग आनंदाने सांगायचं की. … नाही? … काय म्हणतेस.

दोन्ही सारखी? … म्हणजे लालवाल्यांची अंडी आणि निळ्यावाल्यांची अंडी, आतून सगळं सारखंच? … जराही फरक नाही?

… बरं झालं की मग.

… अगं अंगावर का येतेस? मला वाटलं सारखं असलेलं चांगलं. चार घरांत सारखेपणालाच चांगलं म्हणतात, तुमच्या खाद्याच्या कारखान्यात वेगळं असेल तर मला काय माहीत.

नाही गं, थट्टा नाही करत. … हो, ते माहीत आहे मला, मला काय अगदीच ही समजतेस? आपल्या शेडमधल्या लाल दाराच्या आतल्या कोंबड्यांना तुझं नवीन खाद्य, जवस घातलेलं. निळ्या दाराच्या आतल्यांना साधं, मका आणि पेंड. मग जवस खाणाऱ्यांच्या अंड्यात ती चांगली चरबी, हृदयाला बरी असते ती, जास्त उतरायला हवी. आणि साध्यावाल्यांच्या अंड्यात कमी. … बघ, पाठ आहे सगळं. शेजारणीला मीच समजावलं. ती विचारत होती, तुमची मुलगी सुईने अंड्यात औषध टोचते का म्हणून. मी म्हटलं, बाई गं, बाळंतिणीला चांगलं खायला घातलं की दुधात उतरतं ना, तसंच हे. सुई कसली टोचतेय ती.

… हो, हो… मुद्द्यावरच आहे मी. मग फरक नाही याचा अर्थ काय झाला? … खाद्याचा उपयोग नाही, असा? … असं कोण म्हणतं? … तुझ्या वरच्या मोठ्या बाई म्हणतात? त्यांना म्हणावं, आधी स्वतः एक कोंबडी पाळून… बरं, राहिलं. नाही बोलत.

आज? … आज दुपारीच? … म्हणजे सगळ्या साहेबलोकांपुढे उभं राहून तूच तुझ्या तोंडाने सांगायचं, माझं खाद्य कुचकामी आहे म्हणून? … आणि मग ते काम बंद. … आणि तुला परत पोत्यांवरची लेबलं तपासायला बसवणार? … अगं बाई.

रडू नकोस गं. … रडू नकोस म्हणते ना. … हो, खपलीस तू, मी बघितलं नाही का? सुट्टीला म्हणून आलीस आणि सगळी सुट्टी शेडमध्ये काढलीस. दारांना रंग काय लावलेस, बादल्यांना झाकणं काय आणलीस. माझ्यापाशी घडीभर टेकली नाहीस. मी दादाला म्हटलंसुद्धा, आपण कोंबड्या असतो तर बरं झालं असतं, निदान आपली चौकशी झाली असती.

… टोमणा नाही गं तो. … बरं, असेल थोडा.

मी? … मला काय विचारायचंय? … विचार ना, मी काय पळून चाललेय?

दिलं की. … रोज दिलं, सकाळी आणि संध्याकाळी. … तू पाठवलेलंच. बाहेरचा एक दाणा नाही. … घरातलं उष्टंमाष्टं? छे. तू नको म्हणालीस, विषय संपला. भाताचं शीतसुद्धा पडू दिलं नाही. … हिरवा पालाही नाही. शेजारीण कोबीची पानं घेऊन आली होती, तिला दारातून परत पाठवली. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

… अंडी कशी मिसळतील? लाल दाराची लाल खुणेच्या ट्रेमध्ये, निळ्या दाराची निळ्या. अगदी डोळ्यात तेल घालून वेगळी ठेवली. दादा एकदा घाईघाईत सगळी एकत्र करायला निघाला होता, अशी ओरडले त्याच्यावर. म्हटलं, इथे माझ्या लेकीचं नशीब ठेवलंय, तुझा बाजार नाही.

… कोंबड्या इकडच्या तिकडे? कशा जातील? दोन्ही दारांना कडी आणि वर तार. ती करडी एकदा उडायला बघत होती, पण पडली आपटून. … नाही, बरी आहे ती.

… दादाने? तो कशाला हात लावतोय? त्याला सकाळी ऊठ म्हटलं तर कूस बदलतो. दाणा मीच घालते. … एकटी. … हो, रोज. मला आवडतं ते. झाकणाचा आवाज झाला की दाराशी येऊन उभ्या राहतात त्या, तुम्ही पोरं शाळेतून आल्यावर उभी राहायचात तशा.

… कशी घालते म्हणजे? बादलीने. लाल झाकणाची लालवाल्यांना, निळ्या झाकणाची निळ्यावाल्यांना. तू शिकवलंस तसंच. … बादल्या मीच भरते ना. … पोत्यातून. आणखी कशातून भरणार?

… कुठल्या पोत्यातून म्हणजे? … दोन्ही.

… दोन्ही पोत्यांतून गं. … म्हणजे असं बघ… थांब, थांब, पाणी उतू चाललंय. …

… हं. काय विचारत होतीस? … टाळत नाहीये. खरंच उतू गेलं, सगळा ओटा ओला झाला.

… आधी चिडणार नाही म्हण. … म्हण आधी. … हं, ठीक.

आपलं मोठं घमेलं आहे ना… तेच, कानाला पोचा आलेलं. त्यात एक माप या पोत्यातलं घेते आणि एक माप त्या पोत्यातलं. हाताने नीट कालवते. आणि मग त्यातून दोन्ही बादल्या भरते. … सारख्या. … अगदी सारख्या गं, मूठभरसुद्धा कमी-जास्त नाही.

… हॅलो? … आहेस ना?

… अगं बोल काहीतरी. … ओरड हवं तर.

… कधीपासून म्हणजे, तू गेलीस त्याच्या एक-दोन दिवसांनी असेल. … हो, तेव्हापासून रोज. एक दिवस करायचं आणि एक दिवस सोडायचं, असं माझं कधी नसतं.

… का? … तू बघितलंच नाहीस ते. तू रंग लावून, सांगून निघून गेलीस. तिथे दोन्ही वेळा उभी मी राहते. तुझी ती लाल बादली उघडली की काय वास सुटतो, माझ्याच तोंडाला पाणी सुटावं. लालवाल्या नुसत्या तुटून पडायच्या. आणि जाळीच्या पलीकडे निळ्यावाल्या. त्यांच्यापुढे तोच आपला कोरडा भरडा. त्या तोंड लावायच्या नाहीत गं. माना बाहेर काढून नुसत्या बघत उभ्या राहायच्या, पलीकडच्या ताटात. … ताटात म्हणजे तेच ते, भांड्यात. ती करडी तर एक डोळा बारीक करून माझ्याकडे बघायची. इतकं तुटलं माझं आतून. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

… माझ्या दारात पंक्तिप्रपंच आजवर झालेला नाही आणि मी असेपर्यंत व्हायचाही नाही. … कोंबड्या असल्या म्हणून काय झालं? एका छपराखाली राहतात, सारखी अंडी देतात, मग एकीला लाडाचं आणि दुसरीला सावत्रपणा कशाला? … अगं तो प्रयोग आहे हे तुला माहीत, मला माहीत. त्यांना कोण सांगणार? त्यांना एवढंच दिसतं, शेजारणीला मिळालं आणि मला नाही.

… हो. … हो, आता कळतंय. … नाही, तेव्हा नाही कळलं. मी मध्ये दोन्हीकडचं एकेक फोडून बघितलं होतं, दोन्हीकडचं पिवळं छान केशरी. म्हटलं, पोरीचं काम दुप्पट झालं, एका दाराचं सांगितलं होतं, दोन्ही दारांचं सोनं झालं. … रंगावर काही नसतं? … बरं, रंगावर काही नसतं. पण एकीकडची अंडी साधीच राहायला हवीत हे तू सांगितलंस कुठे? … सांगितलं होतंस? … दोनदा? … असेल. माणूस आपलं चांगलं तेवढं लक्षात ठेवतं.

… ओरड म्हटलं मी, पण इतकं नाही. शेजारी ऐकू जाईल.

अगं ऐक ना… ऐक तर. दोघींनी सारखं खाल्लं म्हणून दोघींची अंडी सारखी निघाली. म्हणजे तुझ्या खाद्याची चूक नाहीच. … मग चांगलंच ठरलं की ते. … नाही? चांगलंही ठरलं नाही? … वाईटही नाही आणि चांगलंही नाही. म्हणजे इतके महिने मी दाणा घातला, त्यातून काहीच ठरलं नाही. … बरं. निदान कोंबड्यांनी पोटभर खाल्लं.

… नाही, नाही, ठेवू नकोस फोन. सांग ना मोठ्या बाईंना. … जे झालं ते सांग. … फक्त माझं नाव घेऊ नकोस. म्हणावं, कामाच्या बाईने मिसळलं. … का, तिथे कोणाला माहीत आहे आपल्याकडे कामाला बाई नाही ते? … बरं बाई, तू सत्यवचनी. सांग, आईने केलं म्हणून सांग. हसले तर हसू देत. मला तिथे कोण ओळखतंय.

… आत्ता? बाई समोरच्याच खोलीत आहेत? … मग जा ना, बघत काय बसलीस. … चालू ठेवते, नाही ठेवत फोन. जा.

…

… आलास? हात धू. … तुझी बहीण आहे फोनवर, बाईंशी बोलायला गेलीय. … तिच्या कामाचं काहीतरी. … नाही, मी काही केलेलं नाही, तू बस. … अंडी त्या पातेल्यात आहेत, सोलून घे. … बरं, आण इकडे, मीच सोलते, फोन खांद्यावर धरते. … हे काय? पांढरं काढून ठेवलंस? … अजून? एवढा घोडा झालास, दोन मुलांचा बाप होशील उद्या, आणि अंड्याचं पांढरं चालत नाही. … कोण खाणार ते आता? … आधी ती होती घरात, तेव्हा काही वाया जात नव्हतं.

… हं? हं, आहे, आहे मी. काय म्हणाल्या? … हसल्या? … मोठ्याने हसल्या? बघ, मला वाटलंच होतं. … आणि हसून झाल्यावर? … खरंच? … आणखी मुदत दिली? म्हणजे आज ते सांगायचं नाही? … आणि लेबलंही नाहीत? … देव भलं करो त्या बाईंचं. मी मघाशी त्यांना काही बोलले असेन तर परत घेते.

… आता कशाला रडतेस? … हं, हे वेगळं रडणं. रड मग.

अगं, एक गंमत सांगते. हा तुझा दादा समोर जेवतोय, अजून नुसतं पिवळंच खातो. पांढरं ताटाच्या कडेला पडलंय. लहानपणी तुमचं किती छान जमायचं. चार कोंबड्या होत्या, अंडी सगळी विकायला जायची, घरात मागे राहायचं एखादं. त्याला पिवळं, तुला पांढरं. कधी भांडण म्हणून नाही. आणि आता बघ दैवाची करणी, जन्मभर पांढरं खाल्लेली पोर पिवळ्यात काय काय असतं ते मोजत बसलीय. शेजारणीला सांगितलं तर पोट धरून हसली.

… का गं? … तुला पांढरंच आवडायचं. … नाही? … मग तसं बोलली नाहीस कधी. … अगं, तो वाढत्या अंगाचा होता. … तूही होतीस, मी कुठे नाही म्हणते. … जाऊ दे ना, किती जुनं उकरून काढतेस. कामाचं बोल. आता मी काय करायचं ते सांग.

… हं. … लाल पोतं लालवाल्यांना, निळं निळ्यावाल्यांना. … घमेलं माळ्यावर टाकून देते. … आधी खाल्लेलं अंगातून जाईपर्यंतची अंडी धरायची नाहीत. … हं. … हं. मग पुढची पाठवायची. … समजलं.

आणि निळ्यावाल्या बघत उभ्या राहिल्या तर?

… राहू द्यायच्या? … अशाच? … बघू द्यायचं आणि आपण बादली उचलून घरात यायचं? … नाही गं, मला नाही जमायचं ते. दादाला सांग. … हो, उठत नाही तो, खरंय. … मग माणूस ठेव. पण मला नको सांगूस. समोर उभं राहून एकीला चांगलं घालायचं आणि एकीला राहिलेलं. तेही मुद्दाम, कळून सवरून, रोज. आईच्या हातून असं होतं का कधी?

… काय म्हणालीस?

… नाही, ऐकू आलं. पुन्हा म्हण.

… सवय आहे? … मला? … कसली सवय?

… तू ते पांढरं-पिवळं सोडणार नाहीस आज. अगं तो पंक्तिप्रपंच नव्हता. एक अंडं होतं, दोघांत वाटून दिलं. … हो, आता तू शिकलीस म्हणून सांगतेस, तुझी ती चरबी आणि जीवनसत्त्वं पिवळ्यात असतात म्हणून. तेव्हा मला कुठे ठाऊक होतं कशात काय असतं? … ठाऊक नव्हतं तर पिवळं त्यालाच का, म्हणजे? … असं वकिलासारखं नको विचारूस मला. … नाही, चिडले नाही. तूच चिडलीयस.

… मग मागायचं होतंस. तोंड होतं ना तुला? एकदा जरी म्हणाली असतीस, आई, आज मला पिवळं दे… दिलं नसतं का मी? … मी काय वैरीण होते तुझी?

… काय?

… कोंबड्यांनी? … कोंबड्या कशा मागतील? … नाही मागितलं. … नाही, एकीनेही नाही. … मग मला कसं कळलं, म्हणजे… अगं सांगितलं ना मघाशी. बघूनच कळतं ते. त्या काही न बोलता नुसत्या उभ्या राहायच्या, शेजारच्या ताटात बघत…

…

… हॅलो?

… अगं, बोलावलं का तुला आत? … हॅलो? … ऐक ना, उद्यापासून घालते मी तू म्हणतेस तसं. … हॅलो?

… काय रे? … नाही, ठेवला तिने. … काही बोलली नाही. तिला कामं असतात.

… ते दुसरं अंडं सोलू नकोस. … राहू दे म्हणते ना, तसंच अख्खं. … नाही, माझ्यासाठी नाही. … हो, माहीत आहे मला, ती काही आज येत नाहीये. तरी ठेव.